मदत हवी आहे: खो-खोच्या पांढऱ्या ड्रेसवरचे लाल मातीचे डाग

नमस्कार मैत्रिणींनो. माझी लेक सहावीत आहे, शाळेच्या खो-खो संघात खेळते. ड्रेस पांढरा, पॉलिस्टरचा आणि मैदानावर लाल माती. सूर मारला की गुडघ्यापासून कमरेपर्यंत सगळं तांबडं! आपल्या सोलापूरची काळी माती वाळवून झटकली की बरीचशी निघते, पण ही लाल माती धाग्यातच बसते. त्यात आमच्याकडे बोअरचं जड पाणी, साबणाला फेसच येत नाही.

आतापर्यंत केलेलं सांगते. आधी गरम पाण्यात निरम्यात भिजवलं. नेमकं खरचटल्याचं रक्तही लागलेलं होतं, ते गरम पाण्याने पक्कं बसलं. रक्ताला गारच पाणी लागतं, हे आईने नंतर सांगितलं. मग ब्लीच वापरलं, तर माती तशीच राहिली आणि कापड पिवळट पडलं. लाल मातीचा रंग लोहाचा असतो, तो ब्लीचने जात नाही, हेही उशिरा कळलं.

आता विचारायचंय ते असं: लिंबू-मीठ किंवा ऑक्झॅलिक ॲसिड कुणी कपड्यांवर वापरलंय का? किती पाण्यात किती घालायचं? छातीवरचा छापील नंबर त्याने उडेल का? ॲसिड विषारी असतं म्हणून घरात आणायचीच भीती वाटते. जड पाण्यात धुण्याचा सोडा घातल्याने खरंच फरक पडतो का?

पुढच्या आठवड्यात सामने आहेत, दुसरा ड्रेस इतक्यात मिळणार नाही. लेक रोज विचारते, "आई, निघेल ना गं?" स्वतः करून पाहिलेलं असेल तेच कृपया सांगा.