ॲक्रिलिक नखांचा ब्रँड बदलल्यावर लिफ्टिंग वाढले आहे: सल्ला हवा

पारिजात (ठाणे)

मी ठाण्यात घरूनच ॲक्रिलिक नखांचे काम करते. आजवर एकाच कंपनीचे लिक्विड, पावडर आणि प्रायमर (ॲक्रिलिक नखाला नीट धरावे म्हणून आधी लावायचा द्रव) वापरत आले आणि माझ्या ग्राहकांची नखे पुढच्या रिफिलपर्यंत, म्हणजे दोन ते तीन आठवडे, व्यवस्थित टिकत असत. त्या लिक्विडचा पुरवठा अनियमित झाल्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर मी दुसऱ्या ब्रँडचे लिक्विड घेतले. पावडर मात्र बरीच शिल्लक असल्यामुळे जुनीच सुरू आहे आणि प्रायमरही पूर्वीचाच, ॲसिड-फ्री प्रकारचा आहे.

तेव्हापासून काही ग्राहकांच्या नखांची क्यूटिकलकडची, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेकडची, कड पहिल्याच आठवड्यात सुटू लागली आहे, म्हणजेच लिफ्टिंग होऊ लागले आहे. हे सर्वांच्या बाबतीत होत नाही, त्यामुळे दोष लिक्विडचा, हवेचा की माझ्या पद्धतीचा, हे मला ठरवता येत नाही. दुकानदाराने ॲसिड प्रायमर घेण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का? नवे लिक्विड आणि जुनी पावडर ही जोडी चालू ठेवणे योग्य आहे का? आणि पूर्ण संचच बदलायचा झाला तर कोणता ब्रँड घ्यावा? माझे बरेचसे ग्राहक नोकरदार आहेत आणि घरी धुणीभांडीही स्वतः करतात, हे लक्षात घेऊन कृपया सुचवावे.

गोदाकाठ (नाशिक)

पारिजातताई, मी अनेक वर्षे नवीन मुलींना हे काम शिकवते आणि त्या अनुभवावरून सांगते की, ब्रँडविषयी काहीही ठरवण्यापूर्वी लिफ्टिंग नखाच्या नेमक्या कोणत्या भागात आले आहे हे पाहावे, कारण जागा पाहिली की बहुतेक वेळा कारण कळते.

क्यूटिकलपाशी कड सुटत असेल तर पहिला संशय नखाच्या तयारीवर घ्यावा. त्वचेची कड मागे सारल्यावरही नखाच्या पृष्ठभागाला चिकटलेला मृत त्वचेचा पातळ, जवळपास पारदर्शक पापुद्रा तिथेच राहतो. तो डोळ्यांना पटकन दिसत नाही, परंतु ॲक्रिलिक नखाला न चिकटता त्या पापुद्र्याला चिकटते आणि नख वाढू लागले की त्याच्यासकट उचलले जाते. दुसरा संशय प्रॉडक्ट त्वचेला टेकण्यावर घ्यावा. बीड, म्हणजे ब्रशवर लिक्विड आणि पावडर मिळून होणारा गोळा, फार ओले असेल तर ते ब्रशखालून वाहत जाऊन कडेच्या त्वचेला स्पर्श करते आणि त्या स्पर्शाच्या जागेपासून सुटायला सुरुवात होते. क्यूटिकल आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये बारीकशी मोकळी रेघ राहिलीच पाहिजे आणि तिथली कड फाइलने इतकी पातळ झाली पाहिजे की नख फिरवले तर उंचवटा लागू नये, नाहीतर केसांत हात घालताना तीच कड अडकत राहते.

दोन्ही बाजूंच्या कडांनी सुटत असेल तर त्या खोबणीत फाइल किंवा ई-फाइलचा (विजेवर चालणाऱ्या फाइलचा) बिट नीट पोहोचलेला नसतो. मधोमध पांढुरका फुगा दिसत असेल, तर बीड ठेवताना हवा अडकली असण्याची किंवा त्या जागी तेलकटपणा राहिला असण्याची शक्यता असते. टोकाकडून सुटत असेल तर लांबी आणि रचना तपासावी. नखाचा सर्वांत जाड भाग, ज्याला आपण एपेक्स म्हणतो, तो ताण येणाऱ्या जागेवर नसेल तर प्रत्येक धक्क्याला टोक खाली वाकते आणि मागची कड वर उचलली जाते.

तुमच्याकडे हे ठरावीक ग्राहकांनाच होते आहे, म्हणून त्यांची नावे काढून प्रत्येकीच्या कोणत्या बोटांना होते याची नोंद वहीत करावी. काम करणाऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांनाच होत असेल तर पाणी आणि वापर यांचा वाटा मोठा आहे. दहाही बोटांना सारखेच होत असेल तर प्रॉडक्ट किंवा पद्धत पाहावी लागेल.

पावसाळ्याचा मुद्दाही खरा आहे. पाण्यात भिजलेले नख फुगते आणि अधिक लवचीक होते, त्यामुळे ग्राहक आल्यावर हात पाण्यात बुडवून मॅनिक्युअर करण्याची पद्धत ॲक्रिलिकपूर्वी पूर्णपणे टाळावी. नखावरचा ओलावा आणि तेलकटपणा काढणाऱ्या डिहायड्रेटरचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, म्हणून दहाही बोटांना एकदम लावून गप्पा मारत बसू नये. एका हाताची तयारी करावी, त्यावर काम पूर्ण करावे आणि मग दुसरा हात घ्यावा. तयारी झालेल्या नखाला बोट लावू नये आणि ग्राहकालाही चेहऱ्यावर हात फिरवू देऊ नये.

रसायन (पुणे)

मी पॉलिमर क्षेत्रात काम करतो आणि माझी पत्नी नेल टेक्निशियन आहे, त्यामुळे जोडीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

लिक्विडमध्ये प्रामुख्याने इथाइल मेथॅक्रिलेट हा मोनोमर असतो आणि त्यात प्रक्रियेला गती देणारे अमाइन थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. पावडर म्हणजे आधीच तयार झालेल्या पॉलिमरचे सूक्ष्म मणी, आणि त्यांच्यावर बेंझॉइल पेरॉक्साइड हा प्रक्रिया सुरू करणारा पदार्थ असतो. दोन्ही एकत्र आले की पेरॉक्साइड आणि अमाइन यांच्यामुळे मोनोमरचे रेणू साखळीने जोडले जाऊ लागतात आणि मण्यांच्या भोवती घट्ट जाळे तयार होते. प्रत्येक कंपनी पेरॉक्साइडचे आणि अमाइनचे प्रमाण, तसेच मण्यांचा आकार, एकमेकांशी जुळवून ठरवते. तुम्ही एकाचे लिक्विड आणि दुसऱ्याची पावडर घेतली की हे जुळवलेले प्रमाण बिघडू शकते. वरवर पाहता नख कडक होते, फाइलही होते, पण आत जाळे अपुरे राहिले असेल तर ते ठिसूळ तरी होते किंवा प्रमाणाबाहेर लवचीक तरी राहते, आणि न जुळलेला मोनोमर त्वचेच्या संपर्कात येत राहतो. हा शेवटचा धोका मला लिफ्टिंगपेक्षा गंभीर वाटतो, कारण मेथॅक्रिलेटची ॲलर्जी एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढे दातांच्या उपचारांत वापरल्या जाणाऱ्या तशाच पदार्थांचाही त्रास होऊ शकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की लिक्विड आणि पावडर एकाच कंपनीचे आणि एकमेकांसाठीच बनवलेले असावे. शिल्लक पावडर वाया जाण्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तिच्या रंगीत छटा सरावाच्या हातावर नक्षीकामासाठी वापरता येतील.

नवीन लिक्विड घेताना विक्रेत्याकडून सेफ्टी डेटा शीट अवश्य मागावी. तिच्यात घटकांपुढे सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, दिलेला असतो. ९७-६३-२ म्हणजे इथाइल मेथॅक्रिलेट आणि ८०-६२-६ म्हणजे मिथाइल मेथॅक्रिलेट. लिक्विडमध्ये दुसरा क्रमांक मुख्य घटक म्हणून दिसला तर ती बाटली घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच शुद्ध मिथाइल मेथॅक्रिलेट असलेल्या नखांच्या उत्पादनांविरुद्ध कारवाई केली होती. ते स्वस्त असते आणि फार कडक होते. म्हणूनच नख कुठे आपटले तर ॲक्रिलिक तुटण्याऐवजी खालचे नैसर्गिक नखच उपटून येण्याची भीती असते. ॲसिटोनमध्ये बराच वेळ ठेवूनही ते जवळजवळ विरघळत नाही, ही त्याची व्यवहारातली मोठी खूण आहे. ज्या बाटलीवर घटकच छापलेले नाहीत, ती कितीही स्वस्त असली तरी दुकानातच ठेवावी.

पश्चिमवारा (डब्लिन)

मी मूळची सांगलीची असून सध्या आयर्लंडमध्ये सलूनमध्ये काम करते. प्रायमरबद्दल आधी लिहिते, कारण दुकानदाराचा सल्ला मला चुकीच्या दिशेचा वाटतो.

ॲसिड प्रायमरमध्ये मेथॅक्रिलिक ॲसिड असते. ते दाहक आहे. त्वचेवर सांडले तर भाजते आणि डोळ्यात गेले तर गंभीर इजा होते. काही अतितेलकट नखांसाठी अनुभवी हातांनी ते अगदी बिंदूएवढे वापरले जाते, हे खरे, पण तयारीतली उणीव झाकण्यासाठी ते वापरले तर लिफ्टिंग काही दिवस लांबते आणि नखाचे मात्र नुकसान होते. ॲसिड-फ्री प्रायमरही कमीच लावायचा असतो. ब्रश बाटलीच्या काठाला निथळून, नंतर टिश्यूवर टेकवून, नखाच्या मध्यभागी एक ठिपका ठेवावा आणि तो आपोआप पसरू द्यावा. त्वचेपर्यंत वाहिलेला प्रायमर हेच लिफ्टिंगचे आणि ॲलर्जीचे एक कारण ठरते. अशा अनेक प्रायमरमध्ये एचईएमए हा घटक असतो, आणि युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने तो असलेली नखांची उत्पादने फक्त व्यावसायिक वापरासाठी ठेवली असून ॲलर्जीचा इशारा छापणे बंधनकारक केले आहे. तुमच्या बाटलीवर हा घटक आहे का, ते जरूर पाहा.

आता ब्रँडविषयी. सीएनडी हा मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने सुरू केलेली ही कंपनी आपल्या प्रत्येक लिक्विडसाठी कोणती पावडर आणि कोणती तयारी हे स्पष्ट सांगते. किंमत जास्त आहे. यंग नेल्सच्या पावडरींमध्ये कोअर आणि स्पीड असे दोन प्रकार मिळतात; स्पीड लवकर बसते, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यासारख्या हवेत किंवा हात सावकाश चालत असेल तर कोअरच घ्यावी. त्यांचा प्रोटीन बॉण्ड हा ॲसिड-फ्री आहे. मिया सीक्रेट किमतीने तुलनेने आवाक्यात असल्यामुळे नव्याने व्यवसाय करणाऱ्या अनेकजणी त्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते तुमच्या ग्राहकवर्गासाठी यंग नेल्स आणि मिया सीक्रेट या दोहोंपैकी ज्याचे लिक्विड, पावडर आणि प्रायमर हे तिन्ही तुम्हाला एकाच अधिकृत विक्रेत्याकडून वर्षभर मिळत राहतील, तो संच घ्यावा. तुमची आजची अडचण पुरवठा तुटल्यामुळेच सुरू झाली, म्हणून हा निकष मी किमतीच्याही वर ठेवते.

वास नसलेले लिक्विड घेण्याचा मोह होईल, कारण तुम्ही घरात काम करता. ते घेतले तर बीड नेहमीपेक्षा बरेच कोरडे ठेवावे लागते आणि वर चिकट थर राहतो, जो काढताना धूळ हातांना लागू न देणे आवश्यक असते. वास येत नाही म्हणजे ॲलर्जी होत नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

पारिजात (ठाणे)

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. गोदाकाठताईंनी सांगितल्याप्रमाणे नोंदी तपासल्या. ज्यांना त्रास होतो आहे त्यांपैकी बहुतेकींच्या दहाही बोटांना क्यूटिकलपाशीच सुटते आहे. दोघींना मात्र केवळ उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला होते. नवे लिक्विड जुन्यापेक्षा पातळ वाटते आणि तेवढ्याच वेळात बीड अधिक ओले होते, हेही आता जाणवते आहे. एका ग्राहकाच्या सुटलेल्या कडेखाली हिरवट डाग दिसला; ती रिफिलसाठी उद्या येणार आहे. तिचे काय करावे? आणि नवा संच आल्यावर तो सगळ्यांना एकदम लावावा की हळूहळू?

गोदाकाठ (नाशिक)

उद्याच्या ग्राहकाला रिफिल मुळीच करू नये. सुटलेल्या पोकळीत ओलावा अडकला की तिथे बहुधा स्यूडोमोनास जातीचे जीवाणू वाढतात आणि त्यांच्या रंगद्रव्यामुळे नख हिरवे दिसते. पुष्कळजणी याला बुरशी समजून बुरशीचे औषध लावतात, त्याचा उपयोग होत नाही. त्या बोटावरचे सगळे ॲक्रिलिक काढावे, नख स्वच्छ आणि कोरडे ठेवावे आणि त्यावर पुन्हा काहीही चढवू नये. वेदना, सूज किंवा नख खालच्या मांसापासून सुटलेले दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवावे. वापरलेली फाइल आणि बफर टाकून द्यावेत आणि धातूची अवजारे नीट निर्जंतुक करावीत. डाग पुसून जात नाही, तो नखाबरोबर पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणून तिला काही महिन्यांचा धीर धरावा लागेल हे आधीच सांगावे.

ज्या दोघींना फक्त दोन बोटांना होते, त्यांची लांबी कमी करावी, भांडी घासताना रबरी हातमोजे घालायला सांगावे आणि क्यूटिकल ऑइल रोज रात्री लावायला द्यावे. बाकीच्यांच्या बाबतीत ओले बीड हेच मुख्य कारण दिसते.

नवा संच सर्वांना एकदम लावू नये. ज्या ग्राहकांची नखे आजवर उत्तम टिकली आहेत अशा तिघीचौघी निवडाव्यात, त्यांचे जुने ॲक्रिलिक पूर्ण काढून नव्याने सेट करावा आणि पद्धतीत दुसरा कोणताही बदल करू नये. त्यांच्याकडे नीट टिकले तर संच चांगला आहे. मगच त्रास होणाऱ्या ग्राहकांना लावावा. नव्या लिक्विडसाठी ब्रशही वेगळा ठेवावा आणि तो ॲसिटोनने न धुता त्याच लिक्विडने स्वच्छ करावा. नैसर्गिक नखावर १८० ग्रिटपेक्षा खरखरीत फाइल चालवू नये, कारण लिफ्टिंगच्या भीतीने नख जितके जास्त घासाल तितके ते पातळ होऊन वाकेल आणि पुन्हा सुटेल. सुटलेला भाग निपरने कधीही ओढून काढू नये. तो फाइलने किंवा ई-फाइलने घासून, घट्ट चिकटलेल्या जागेपर्यंत मागे न्यावा आणि तिथून भरावा.

रसायन (पुणे)

एक गोष्ट राहिली. जुने लिक्विड बेसिनमध्ये ओतू नका, ते ज्वालाग्राही आहे. डॅपन डिशमध्ये, म्हणजे काम करताना लिक्विड घेण्याच्या छोट्या वाटीत, उरलेले लिक्विड पुन्हा बाटलीतही ओतू नका, कारण त्यात पावडरीचे कण गेलेले असतात आणि त्यांनी सगळी बाटली घट्ट होऊ शकते. उरलेले थोडे लिक्विड पेपर टॉवेलवर टिपून, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावे आणि डबा रोज घराबाहेर रिकामा करावा. नवी बाटली कुरियरने आली की उघडून पाहावी. लिक्विड पाण्यासारखे पातळ आणि स्वच्छ असले पाहिजे. वाहतुकीत उन्हाने तापून ते दाट झालेले किंवा पिवळसर दिसले, तर वापरून न पाहता लगेच परत करावे.