वेम्ब्लीच्या आधीची ट्रेसी चॅपमन
'वेम्ब्लीचा कार्यक्रम झाला नसता तर हा अल्बम कुणी ऐकलाच नसता' हे अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनच्या पहिल्या अल्बमबद्दलचं मत मला अजिबात पटत नाही. जून १९८८ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर मंडेलांच्या ७०व्या वाढदिवसाच्या त्या मैफलीत स्टीव्ही वंडरचं गाणं ऐनवेळी अडलं, ट्रेसी चॅपमन गिटार घेऊन पुन्हा मंचावर आली आणि नंतर खप धडाधड वाढला, हे खरंच. पण अल्बम एप्रिलमध्येच आला होता आणि समीक्षकांनी त्याला उचलूनही धरलं होतं. 'बिहाइंड द वॉल' ऐका. एकही वाद्य नाही, नुसता आवाज. भिंतीपलीकडे चाललेली मारहाण, आणि वेळेवर कधीच न येणारे पोलीस. सिंथेसायझरच्या त्या जमान्यात पहिल्याच अल्बममध्ये असं गाणं ठेवायला छाती लागते! पुढे ३ ग्रॅमी मिळाले, त्यांत लोकसंगीताचाही आणि पॉप गायनाचाही.