गावाला रोजगाराची हमी, मग शहराला का नाही?

प्रश्न

माझी आजी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला जात असे, आणि माझे वडील परळच्या एका गिरणीत विणकर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, त्यानंतर त्यांना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही. आजीला सरकारने काम, मजुरी आणि वर सुकडीही (दुष्काळात वाटला जाणारा पौष्टिक कोरडा खाऊ) दिली; वडिलांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही. दहा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन संकटांत एकच राज्य इतके वेगळे का वागले, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

आधी एक दुरुस्ती. आपल्या आजी ज्या कामावर गेल्या, ते बहुधा रोजगार हमीचे नव्हे, तर दुष्काळी मदतीचे काम असावे. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये तिचा प्रयोगही झाला होता, परंतु कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागण्याचा हक्क या कायद्याने दिला, पण तो ग्रामीण भागाला आणि 'क' वर्ग म्हणजे लहान गावांच्या नगरपालिकांच्या हद्दीला. मुंबई त्यात नव्हतीच. याच योजनेसाठी १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला आणि त्याचा मोठा भाग शहरी पगारदारांच्या वेतनातून येतो. शहराने गावाचा भार उचलावा हे मला योग्यच वाटते, आणि म्हणूनच शहरातील बेकाराला या कायद्यात जागा नसणे अधिक खटकते.

प्रतिसाद २

माझी आई लालबागला खानावळ चालवीत असे. संप लांबत गेला तशी जेवणाऱ्यांची बाकी थकत गेली, पण ज्यांना वर्षानुवर्षे जेवू घातले त्यांच्यापुढून ताट उचलणे तिला शक्य झाले नाही, आणि वाण्याची उधारी तिच्या नावावर चढत राहिली. कामगार निदान गिरणीच्या पटावर तरी होते. खानावळवाल्या बायका कोणाच्याच हिशेबात नव्हत्या. माणसे कोकणात आणि घाटावर परतली, तेव्हा आमच्या चाळीतील दोन मुलांच्या शाळा मधेच सुटल्या.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. १९८३ मध्ये केंद्राने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींसाठी नियमही झाले. मात्र कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ मध्ये. मधल्या तीस वर्षांत चूल कशी पेटली, याचे उत्तर घरोघरच्या बायकांनी दिले.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मतांचा आदर राखून एक अडचण मांडतो. पंचेचाळीस वर्षांच्या विणकराला पाझर तलावाच्या कामावर पाठवले असते, तर त्याचे पोट भरले असते, पण हातातील कसब वाया गेले असते. शहरी हमी द्यायची असेल, तर कामेही निराळी हवीत: शाळांची दुरुस्ती, नाल्यांची देखभाल, दवाखान्यांतील मदत. २०२० च्या टाळेबंदीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. केंद्राने ग्रामीण रोजगार हमीसाठी ४०,००० कोटी रुपये वाढवून दिले, तर शहरात मुख्यतः धान्य आले आणि आपल्याकडे शिवभोजन थाळी ५ रुपयांना मिळू लागली. थाळीने अनेकांची भूक भागवली, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु खोलीचे भाडे थकलेल्या माणसाला रोजगार हवा होता. राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली आणि केरळने तर त्याच्या कितीतरी आधी. महाराष्ट्राने देशाला हमीचा कायदा दाखवला, त्यामुळे आपण मागे राहिलो याचे दुःख होते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दुरुस्तीबद्दल आभारी आहे. खानावळीचा उल्लेख वाचून वडिलांशी बोललो. त्यांनी सांगितले की संपाच्या काळात ते सात महिने एका मावशींकडे बाकीवर जेवले आणि पुढे गावी परतल्यावर ती रक्कम हप्त्याहप्त्याने मनीऑर्डरने फेडली. आजीच्या खडीच्या मजुरीतून शिल्लक राहिलेले थोडे पैसे त्यातील पहिल्या हप्त्यात होते.