घर इंदूरला, मुक्काम पुण्यात : कायमचा पत्ता कोणता मानावा?

मालवेकर : आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या कित्येक घरांत आता फक्त आईवडील उरले आहेत, मुले नोकरीसाठी पुण्यात स्थायिक झाली, तरी मतदार यादीत त्यांची नावे इथेच आहेत. मला हे गैर वाटते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम २० सांगते की, केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. ज्याच्या दारी पुण्याचा टँकर येतो, त्याने इंदूरचा नगरसेवक का निवडावा?

कान्हाकाठ : कलमाचा सोयीचा तेवढाच भाग आपण उचललात. तात्पुरत्या गैरहजेरीने निवास संपत नाही, हेही तेच कलम सांगते. ज्याची गुणपत्रके आईच्या कपाटात आहेत, दिवाळी इथे होते आणि निवृत्तीनंतर इथेच परतायचे ठरले आहे, तो परका कसा? आपल्याच इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या जादा शुल्काचा जोशी खटला आठवा. त्या शुल्काच्या नियमात मूळ अधिवास, म्हणजे कायद्याने मानलेले कायमचे घर, मध्य भारत या तेव्हाच्या आपल्या राज्यात असलेल्याला वास्तव्याच्या वर्षांची अट नव्हती. त्याने दुसऱ्या ठिकाणी अधिवास केलेला नसला की पुरे होते. बाहेरून आलेल्याला मात्र पाच वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे.

मालवेकर : खटला आठवतो, म्हणूनच सांगतो. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम टिकवला, तो भेद जन्मस्थानावर नसून निवासावर आहे, या कारणाने. शिवाय परतण्याचा इरादा मोजायचा कसा? पुण्यात फ्लॅट घेऊन मुलांना तिथल्या शाळेत घातल्यावरही गैरहजेरी तात्पुरतीच म्हणायची, तर कायमची कशाला म्हणणार?

जुनी इंदूरकरीण : दोघेही मुलांची अडचण विसरता आहात. वैद्यकीय प्रवेशाच्या प्रदीप जैन खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नसतो. तरीही महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. होळकरांबरोबर आलेल्या घराण्यातला, घरी मराठीच बोलणारा मुलगा तिथे इतकी वर्षे बाहेरचाच राहतो. मग इथला एकमेव पुरावाही त्याने आपण होऊन का सोडावा?

मालवेकर : दाखल्याचे गाऱ्हाणे रास्त आहे, पण ते महाराष्ट्र शासनाकडे मांडावे. मतदार नोंदणीला पंधरा वर्षे लागत नाहीत. पत्ता बदलाचा अर्ज, म्हणजे नमुना ८, भरला की नाव नव्या पत्त्यावर जाते, आणि रामबागेतले घर त्यामुळे कोणी काढून घेत नाही.