दाखल्यावर 30 टक्के आले. अपील करायचं की गप बसायचं?

माणदेशी पोरगं (आटपाडी)
अण्णांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, दिव्यांग दाखला गेल्या आठवड्यात आला. आकडा 30. चाळीसच्या खाली, म्हणजे संजय गांधी निराधार योजना नाही आणि एसटीची 75 टक्के सवलतही नाही. अण्णा केरळात गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात वीस वर्षं होते. दुचाकीवरून पडले, खुब्यात सळई बसली, डावा पाय आखूड झाला. दाखला बघून एवढंच म्हणाले, "चाळीसला पास आन् तिसाला नापास. पाय तर त्योच हाय."

माझं मत: अपील करायचंच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 59 त्यासाठीच आहे. दाखल्याचा निर्णय मान्य नसेल तर राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. घरचे आणि गाव मात्र उलट बाजूला. कोण म्हणतं डॉक्टरशी वैर कशाला, कोण म्हणतं एजंट गाठ. दवाखाना कुठला ते विचारू नका. तिथली माणसं वाईट नव्हती, घाईत होती.

येरळाकाठ
राग मानू नका, पण अपील नको. आधी हिशोब करा. आटपाडीहून सांगली, सोबत एक माणूस, दोघांचं भाडं, जेवण, तुमचा दिवसभराचा रोज बुडाला. असे चार हेलपाटे झाले की माणूस आपोआप गप बसतो. माझ्या थोरल्या भावाचं तेच झालं. दर वेळी एक कागद कमी निघायचा. शेवटी अपील राहिलं बाजूला आणि फाइल माळ्यावर गेली. त्यापेक्षा वर्षभर थांबा, पाय आणखी बिघडला तर नव्याने अर्ज करा.

माणदेशी पोरगं
संजय गांधी योजनेत दिव्यांगांना आता महिना 2500 झालेत, म्हणजे वर्षाला 30,000. चार हेलपाट्यांना एवढे लागत नाहीत. आणि "पाय बिघडायची वाट बघा" हा सल्ला चुलत्यांना तोंडावर कसा देऊ?

हाडांचा डॉक्टर
दाखल्याचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डावर काही वर्षं बसलोय, आता स्वतःचा दवाखाना आहे. दुसरी बाजूही ऐका.

टक्केवारी मनाने घालत नाहीत. 4 जानेवारी 2018 च्या केंद्राच्या राजपत्रात मोजणीची पद्धत आली, 2024 मध्ये ती सुधारली. सांधा किती अंशात फिरतो, स्नायूंत ताकद किती, पाय किती सेंटीमीटर आखूड, याचे तक्ते आहेत. वेदना मोजायचा तक्ता नाही आणि गरिबी मोजायचा तर नाहीच. समोरचा माणूस रडत असतो, आम्ही कोनमापक लावून बसलेलो असतो. मग बाहेर आम्हीच निर्दय.

दुसरं असं की 36, 38 वाला प्रत्येक जण अपिलात गेला तर ज्याची अजून पहिली तपासणीच झालेली नाही तो आणखी मागे ढकलला जातो. आणि बोगस दाखल्यांचं काय? 2024 मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी आयएएसवर खोट्या दिव्यांग दाखल्याचा आरोप झाला, त्या प्रकरणानंतर प्रत्येक सहीला हात आखडतो. खोट्या मार्गाने लाभ घेतला तर कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सही करणाऱ्यालाही चौकशी सुटत नाही.

कंदी पेढा (सातारा)
डॉक्टरसाहेब, बोगसवाल्याला अपील लागतच नाही हो, त्याचा आकडा पहिल्याच फटक्यात बरोबर येतो! अपिलात जातो तो ज्याला कोणी ओळखीचं नाही.

आणि चाळीसच्या खाली म्हणजे दिव्यांगच नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. 40 टक्के ही "लक्षणीय दिव्यांगत्वा"ची रेघ आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सांगितलंय की परीक्षेला लेखनिक मिळण्यासाठी 40 ची अट लावता येणार नाही. आपल्याकडे मात्र 39 वाल्याला सरळ "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून परत पाठवतात.

पाटणकर वहिनी
मी अपिलाच्या विरोधात आहे आणि अनुभवाने आहे. ह्यांचा दाखला तात्पुरता होता, 45 चा. मुदत संपल्यावर फेरतपासणी झाली आणि आले 35. पहिल्यापेक्षा बरं चालत होते हे खरं, पण होतं ते गेलं ना! पुन्हा तपासायला गेलं की आकडा वरच जातो असं नाही. आता हे मलाच बोलतात की तुझ्या घाईनं घालवलंस, आणि मुदत संपलेली होती हे सोयीस्कर विसरतात.

निवृत्त अव्वल कारकून (खटाव)
तहसीलच्या टेबलावर आयुष्य गेलं म्हणून लिहितो. लोक दोन निर्णय एकात मिसळतात. टक्का ठरतो दवाखान्यात, योजना मंजूर होते तालुक्याच्या समितीत. 30 टक्क्यांचा दाखला घेऊन तहसीलदारांशी कितीही भांडलात तरी त्यांच्या हातात काही नाही. उलट टक्का बरोबर असून समितीने नाकारलं, तर दवाखान्यात जाऊन उपयोग नाही. निम्मे अर्ज चुकीच्या दारात उभे असतात.

आणखी एक. संजय गांधीला कुटुंबाचं उत्पन्न दिव्यांगासाठी वर्षाला 50,000 च्या आत लागतं, आणि किमान 15 वर्षं महाराष्ट्रात रहिवास लागतो. तुमचे अण्णा वीस वर्षं केरळात होते म्हणता. रेशनकार्डात नाव कायम होतं का? मतदार यादीत? टक्का 60 आला तरी इथे अडकाल. गलाईवाल्यांच्या घरात हे नेहमीचं दुखणं आहे.

माणदेशी पोरगं
रेशनकार्डात आणि यादीत नाव पहिल्यापासून इथंच आहे. पण रहिवासाचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आजच तलाठ्यांना विचारतो.

येरळाकाठ
बघा, मी काय म्हणत होतो? एक कागद कमी निघतोच.

हाडांचा डॉक्टर
एक विचारायचं राहिलं. दाखल्यावर नक्की काय लिहिलंय? फक्त पाय, की आणखी काही?

माणदेशी पोरगं
फक्त डावा पाय. कान अपघाताच्या आधीपासून मंद आहेत, दोन्ही. कानाची तपासणी वेगळ्या दिवशी झाली होती. तो कागद माझ्याकडे पिशवीतच आहे. नुसता आलेख आहे, टक्के लिहिलेले नाहीत.

हाडांचा डॉक्टर
अहो, मग हे आधी सांगायचं! दोन दिव्यांगत्वं असतील तर दाखल्याचा नमुनाच वेगळा असतो आणि आकडे एकत्र करायचं सूत्र ठरलेलं आहे. मोठा आकडा अ, लहान ब. अ + ब × (90 − अ) ÷ 90. नुसती बेरीज नाही.

समजा कानाचे 20 आले. 30 + 20 × 60 ÷ 90, म्हणजे 43.33. कानाचे 15 भरले तर बरोब्बर 40. पण 10 च आले तर 36.67, म्हणजे परत खालीच. आलेखावरून टक्के कान-नाक-घसावाले काढतील, मी अंदाज सांगणार नाही.

तेव्हा अपील कशाला? पायाच्या 30 वर तुमचा आक्षेप नाही. कान धरायचा राहिलाय, ती दुरुस्ती झाली. जाऊन सांगा, करतील.

निवृत्त अव्वल कारकून (खटाव)
इथे मात्र डॉक्टरांशी सहमत नाही. "जाऊन सांगा" यातच माणसं वर्ष वर्ष घालवतात. तोंडी सांगितलं की ती मेहेरबानी होते, झाली तर झाली. अर्ज लिहा, त्याच दवाखान्याला. मजकूर चार ओळींचा पुरे: अमुक तारखेचा दाखला, त्यात फक्त पायाचं मूल्यमापन, अमुक तारखेला कानाची तपासणी झाली असून ती धरलेली नाही, एकत्रित मूल्यमापन करून द्यावे. आलेखाची झेरॉक्स जोडा, मूळ कागद हातातून सोडू नका. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. नाही म्हणाले तर लेखी कारण मागा. तोच कागद पुढे अपिलाला लागतो, आणि ती पोच नसेल तर अपिलात पहिलाच प्रश्न येतो की तुम्ही मागितलं कधी.

कंदी पेढा (सातारा)
म्हणजे दुरुस्ती म्हणा नाहीतर अपील, कागद एकच. आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग आयुक्त आहेत. तक्रारीच्या चौकशीत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

हाडांचा डॉक्टर
आयुक्तांकडे पहिल्याच दिवशी धावू नका एवढंच म्हणतो. बोर्डावरच्या माणसाला आधी स्वतःची चूक सुधारायची संधी द्या. गर्दीत दोन खिडक्यांचे कागद एकत्र लागत नाहीत, हे रोज होतं. त्यात कोणाचं कारस्थान नसतं.

पाटणकर वहिनी
कारस्थान नसतं हो, पण हेलपाटा आमचाच असतो.

येरळाकाठ
म्हणजे सगळा खेळ आता कानाच्या पंधरावर. माझं मत अजून तेच आहे, पण हे सूत्र भावाच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याचा डोळाही अधू होता. फाइल माळ्यावरून काढतो.

माणदेशी पोरगं
अर्ज लिहिला. कारकूनसाहेब, तुमचाच मजकूर घेतला, फक्त "करून द्यावे"च्या पुढे "ही विनंती" घातलं. बुधवारी बोर्डाचा वार आहे, सकाळच्या पहिल्या एसटीने निघतोय. आत्ता अण्णांच्या शेजारी बसून हे सगळं ओरडून सांगितलं, पार सूत्रासकट. ऐकू आलं का विचारलं तर म्हणाले, "निम्मं."

येरळाकाठ
निम्मं म्हणजे पन्नास टक्के. लिहून घ्या.

हाडांचा डॉक्टर
आलेख न्या हो सोबत. "निम्मं" तक्त्यात नाही.