मदत हवी आहे: नवी स्नोफ्लेक मोरे ईल १२ दिवस उपाशी

मंडळी, मी फोंड्यात राहतो. ३०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत साधारण २५ सेंमीची स्नोफ्लेक ईल (सापासारखा लांबट समुद्री मासा) आणली, तेव्हापासून तिने काहीच खाल्लेलं नाही. टाकी वर्षभर जुनी आहे, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २७, अमोनिया-नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. झाकण घट्ट आहे. दिवसभर पीव्हीसी पाइपमधून फक्त तोंड बाहेर. तोंडाची उघडझाप चालू असते, पण तो तिचा श्वास, हे ठाऊक आहे. अंगावर जखम किंवा डाग नाही.

सोललेली कोळंबी, माकुलाच्या पट्ट्या, तिसऱ्यांचं मांस, सगळं चिमट्याने तोंडाशी धरून पाहिलं, तेही रात्री दिवे मालवून. वास घेते आणि मागे सरकते. उरलेलं लगेच काढतो. टाकीत दुसरा मासा नाही.

ही जात मुळात खेकडे खाणारी, म्हणून मांडवीच्या खाडीतली छोटी जिवंत खेकडी द्यावी असं मनात आहे. पण त्यातून परजीवी टाकीत येण्याची धास्ती वाटते, आणि जवळपास माशांचा डॉक्टर नाही. फीडर गप्पी (खाद्य म्हणून विकले जाणारे छोटे जिवंत मासे) द्यायचे नाहीत.

ज्यांनी ही ईल पाळली आहे त्यांनी सांगा: अजून किती दिवस थांबणं सुरक्षित, आणि खाडीतली खेकडी द्यायचीच तर आधी वेगळ्या पाण्यात किती दिवस ठेवावी?