नीतिसूत्रे २८:२५ मधलं ‘येगारे’: यात गर्व आहे का?

रेवदंडा_वाचनगट
आमच्या गटात बायबलमधलं ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक मूळ हिब्रूतून वाचतोय. २८:२५ ला ‘रेहव नेफेश येगारे मादोन’ आहे. काहीजण ‘गर्विष्ठ भांडण पेटवतो’ म्हणतात, काहीजण ‘लोभी’. गर्वाचा अर्थ ‘येगारे’ या क्रियापदातच आहे का? यशया ३:५ मध्ये पोर म्हाताऱ्यावर शिरजोर होतं, तिथलं ‘रहब’ आणि हे ‘रेहव’ एकच का?

नवगावकर
क्रियापदात गर्व नाही. धातू गिमेल-रेश-हे (ही हिब्रू अक्षरांची नावं). ‘पिएल’ या क्रियारूपात तो नीतिसूत्रांत तीनदा येतो (१५:१८, २८:२५, २९:२२) आणि तिन्ही वेळा कर्म ‘मादोन’, म्हणजे तंटा. इतर दोन ठिकाणी कर्ता तापट माणूस आहे. म्हणजे क्रियापद फक्त पेटवण्याचं काम करतं, स्वभाव कर्त्याच्या शब्दात शोधायचा.

याच धातूच्या ‘हिथपाएल’ या दुसऱ्या क्रियारूपाला आपलं ‘कुरापत काढणे’ चपखल बसतं. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अध्याय २ मध्ये अदोम, मवाब, अम्मोन या लोकांची कुरापत काढू नका असं बजावलंय, आणि २:२४ ला सीहोन राजाशी मात्र युद्ध छेडायला सांगितलंय. २ राजे १४:१० जरूर वाचा. इस्राएलचा राजा योआश यहूदाचा राजा अमस्याला आधी म्हणतो, तुझं मन चढलंय. मग विचारतो, संकटाची कुरापत कशाला काढतोस? गर्व आणि भांडण एकाच वचनात, पण शब्द वेगवेगळे.

कोशात शोधताना एक घोळ होतो. अनुवाद २:९ मध्ये ‘तितगार’ असं आखूड रूप आहे, शेवटचा हे गळालेला. त्यामुळे लोक गिमेल-वाव-रेश या धातूकडे जातात, आणि तिथे पहिला अर्थ ‘परका म्हणून राहणे’ मिळतो. २:५ चं ‘तितगारू’ हे त्याच क्रियापदाचं अनेकवचन शेजारी ठेवून बघा.

अलिबाग_अभ्यासक
‘रेहव’बद्दल. हिब्रूत ‘हे’ आणि ‘हेत’ ही दोन वेगळी अक्षरं, पण देवनागरीत दोन्हीकडे ‘ह’ लिहितो, तिथेच फसगत होते. यशया ३:५ चा धातू रेश-हे-बेत: खवळून अंगावर येणे. ज्याच्या अंगावर जायचं त्याच्या शब्दाला ‘बे’ हा उपसर्ग लागतो, ‘बज्जाकेन’ (म्हाताऱ्यावर). नीतिसूत्रे ६:३ ला ‘बे’ नाही, तिथे शेजाऱ्याच्या मागे लागायचं आहे.

२८:२५ ला मात्र हेत आहे, रेश-हेत-बेत: रुंद. यरीहोच्या राहाबेचं नावही हेतचंच. तेव्हा लिप्यंतरावरून धातू ठरवू नका, छापील हिब्रू अक्षर पाहा.

रेवदंडा_वाचनगट
मग ‘रुंद नेफेश’ म्हणजे गर्विष्ठच ना? २१:४ ला ‘रेहव लेव’ गर्वासाठी आहे.

अलिबाग_अभ्यासक
तिथे ‘लेव’, म्हणजे हृदय, आणि सोबत ‘उंच डोळे’, म्हणून गर्व. ‘नेफेश’ला घसा, भूक हाही अर्थ आहे. यशया ५:१४ ला अधोलोक आपली नेफेश रुंदावतो, म्हणजे गिळायला जबडा पसरतो. हबक्कूक २:५ लाही तसंच. शिवाय २८:२५ च्या उत्तरार्धात परमेश्वरावर भरवसा ठेवणारा ‘पुष्ट होईल’ म्हटलंय, ते भुकेलाच जुळतं. मी ‘हावरा माणूस तंटा पेटवतो’ असं लिहीन, आणि ‘गर्विष्ठ’ हा पर्याय तळटीपेत देईन.